काप

चौदा हंगामांत देल्फिमने गोल केले तीन, आणि त्यातला एक स्वतःच्याच संघावर. पण गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच. समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम, आणि ते त्याने इमानेइतबारे केलं. पायाने केलं, गुडघ्याने केलं, कोपराने केलं, एकदोनदा दातांनीही केलं. आमच्या बार्रा नोवा गावच्या मैदानावर तो उतरला की लाकडी बाकांवरून एकच आरोळी उठायची, "सरपण! सरपण!" आमच्याकडे फुटबॉलमधल्या दांडगाईला सरपण घालणं म्हणतात. देल्फिमने आयुष्यभर घातलेलं सरपण रचलं असतं तर गावातल्या सगळ्या चुली दोन हिवाळे पेटल्या असत्या.

तो पहिल्यांदा खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि मैदानाला गवत नव्हतं. नुसती खडी आणि माती. पडलं की मांडीची साल निघायची आणि वर व्हिनेगरचा बोळा फिरवायचे. त्या दिवशी समोर तिशीतला एक बनेल आघाडीवाला होता. पंचाची पाठ वळली की तो देल्फिमच्या डोळ्यांत थुंकायचा, घोट्यावर लाथ घालायचा, वर "बाळा, दूध प्यायलास का?" असं विचारायचा. मध्यंतरात देल्फिम भिंतीकडे तोंड करून बसला. प्रशिक्षक काल्देइरा, ज्यांना सगळे रीतीप्रमाणे मिस्टर म्हणत, त्याच्याजवळ आले.

"रडतोस?"

"नाही मिस्टर."

"मग भिंतीला काय सांगतोयस? जे काय असेल ते त्याला सांग."

उत्तरार्धाच्या दहाव्या मिनिटाला तो आघाडीवाला स्ट्रेचरवरून बाहेर गेला. त्याचा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. त्या रात्री गावात देल्फिमला कुणी दारूचे पैसे देऊ दिले नाहीत. पोराला चव लागली ती तिथे, आणि गावालाही. मी गावाला मोकळं सोडणार नाही. वाघ पाळायचा आणि त्याने हरण फाडलं की अरेरे म्हणायचं, ही आमची जुनी खोड आहे.

पुढची वर्षं म्हणजे हाडांची यादी आहे. एकाच्या गालाचं हाड, दुसऱ्याच्या बरगड्या, तिसऱ्याच्या गळ्याखालचं हाड. एका डोंगरी गावात त्याने एका पोराचे पुढचे दोन दात पाडले, त्यातला एक मातीतून शोधून काढला आणि पोराच्या हातावर ठेवला. "घे, रात्री जेवताना लागेल," म्हणाला. त्या दिवशी बसवर दगड पडले, चालकाचं डोकं फुटलं आणि पोलिसांचे कुत्रे भुंकत असताना बस गावाबाहेर काढावी लागली. देल्फिमचंही काही शिल्लक ठेवलं नाही लोकांनी. भुवईला इतके टाके पडले की केस उगवेनात. नाक चार वेळा मोडलं. चौथ्या वेळी त्याने आरशात बघून ते स्वतःच सरळ केलं आणि जरा चुकलं.

मैदानावरच्या हुकमांसाठी मिस्टरांनी स्वतःचे शब्द बसवले होते. ते स्वतः कोळ्याचं पोर, संघातले निम्मे कोळ्यांचे. तेव्हा शब्दही होडीवरचेच. "ओढ" म्हणजे सगळ्यांनी पुढे सरकायचं. "नांगर" म्हणजे जागा सोडायची नाही. आणि "काप" म्हणजे समोरच्या माणसाला आडवा करायचा, लाल कार्ड मिळो की पिवळं. परक्या पंचाला वाटायचं, चेंडू कापायला सांगताहेत. बाकांवरच्या लोकांना मात्र अर्थ पाठ होता. मिस्टरांचा घसा घोगरा आणि दमदार होता. "काप" आलं की देल्फिमचा पाय निघायचा. विचार मागून यायचा, आला तर.

आता खऱ्या होडीवर "काप" म्हणजे काय ते सांगायला हवं. जाळं खडकात अडकतं, लाट होडीला एका कुशीवर पाडते, आणि दोर होडीला खाली ओढायला लागतो. तेव्हा सुरी काढून दोर कापायचा. जाळं गेलं तर जाऊ दे, माणसं वाचतात. काप म्हणजे सोड, जाऊ दे, जीव वाचव. देल्फिमचा बाप आल्बानो असाच गेला. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यावरून स्पष्ट दिसेल इतक्या जवळ. जाळं नवं होतं. सुरी हातात घेतलेला भागीदार त्या नव्या जाळ्याकडे बघत राहिला. धक्क्यावर बायका उभ्या होत्या, आणि त्यांत देल्फिमची आई देओलिंदा, दोन वर्षांचा जासिंतो कडेवर आणि अकरा वर्षांचा देल्फिम पदराशी. ती ओरडली, "काप! काप! काप!" वारा तोंडावरचा होता. होडी उलटली तेव्हाही ती ओरडतच होती. मग तिला आठ दिवस आवाज नव्हता, आणि परत आला तो पुरुषासारखा जाड होऊन आला. त्याच आवाजात तिने पुढे वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले. संघातली पोरं देल्फिमला चिडवायची, "तुझी आई बाकावर बसली तर मिस्टर घरी जातील."

पण ती मैदानावर कधी आली नाही. "माझ्या पोराला दुसऱ्याच्या पोराची हाडं मोडताना बघू? त्यापेक्षा बांगडे विकीन," म्हणायची.

जासिंतोला देल्फिमनेच वाढवला. खांद्यावरून शाळेत नेला, वाळूत चेंडू मारायला शिकवला, मोठ्या पोरांनी मारलं तर त्या पोरांना शोधून काढून हाणलं. आणि जासिंतोच्या पायांत जे होतं ते देल्फिमच्या पायांत सात जन्मांत आलं नसतं. बाविसाव्या वर्षी तो शहरातल्या मोठ्या क्लबात उजव्या बाजूने धावत होता. वर्तमानपत्रं त्याच्यावर कौतुकाने लिहीत होती आणि जूनमध्ये तो फ्रान्सला जाणार हे पक्कं झालं होतं. देल्फिमला त्याचा अभिमान होता. अभिमानाच्या तळाशी दुसरंही काही होतं, पण ते त्याने कधी ढवळून बघितलं नाही.

मग चौऱ्याऐंशी सालचा मे महिना आला. हंगामाचा शेवटचा रविवार. बार्रा नोवाला पहिल्या विभागात टिकायला निदान बरोबरी हवी होती आणि सामना होता शहराच्या त्याच क्लबाशी. म्हणजे देल्फिमच्या समोर जासिंतो. गावात दुसरा विषय नव्हता. देओलिंदाने गुरुवारी दोघांनाही जेवायला बोलावलं.

सुपात पाव बुडवत जासिंतोने सुरुवात केली. "काय रे म्हाताऱ्या, रविवारी मला पकडायला सायकल आणणार का होडी?"

"तुला पकडायला मी कशाला धावू? तूच येशील धडपडत. लहानपणी यायचास तसा, नाक गळत."

"माझं नाक गळतं, पण सरळ आहे."

"सोमवारी बघू."

देओलिंदाने डाव टेबलावर आपटला. "हसा! हसा दोघं! आज बाजारात सेलेस्ते मला म्हणते, देओलिंदा, रविवारी तुझा थोरला धाकट्याची लाकडं फोडणार. सार्डिन तोलता तोलता म्हणाली भवानी, आणि गिऱ्हाइकं हसली."

"तिच्या तोंडाला काय लागतंय?" देल्फिम म्हणाला.

"तिच्या तोंडाचं राहू दे. तुझ्या पायाचं बोल." तिने मक्याचा पाव त्याच्यापुढे सरकवला. "यावर हात ठेव."

"आई, मी काय चार वर्षांचा आहे?"

"ठेव म्हणते ना! आणि बापाची शपथ घे. याच्या पायाला पाय लावणार नाहीस."

"आणि याने गोल केला तर? क्लब खाली गेला तर?"

"क्लब गेला खड्ड्यात! क्लबाला मी नऊ महिने पोटात वागवलेलं नाही."

जासिंतो आता हसत नव्हता. तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, राहू दे गं. खेळ आहे. त्याचं काम तो करेल."

"तू गप. घर तुझ्या नावावर होणार, मग तोंड उघड." आमच्या कोळीवाड्यात घर धाकट्याला जातं, थोरल्याने आपलं बघायचं असतं. हे कुणी बोलून दाखवत नाही. तिच्या तोंडून रागात निघालं, आणि तिघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

देल्फिमने पावावर हात ठेवला. "बापाची शपथ. पाय लावणार नाही. हाताने धरीन, शर्ट ओढीन. तेवढं तरी करू दे, नाहीतर गाव मला बंदरात बुडवेल."

"शर्ट ओढ. शर्ट मी शिवून देईन," देओलिंदा म्हणाली. आणि रविवारी ती स्वतः येणार होती, जन्मात पहिल्यांदा. डोळ्यांसमोर असली तर थोरला शब्द मोडणार नाही, असा तिचा हिशोब.

शपथेची बातमी शुक्रवारी बाजारात होती आणि शनिवारी मिस्टरांच्या कानात. आमच्या गावात शिंकलं तरी पलीकडच्या गल्लीतून "देव भलं करो" येतं. सामन्याआधी मिस्टर देल्फिमला न्हाणीघराच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"तू शब्द दिलायस म्हणे."

"हो मिस्टर."

"मग ऐक. आज तुझ्या भावाच्या बाबतीत मी तोंड उघडणार नाही. 'काप' म्हणून माझ्याकडून येणार नाही. आईच्या आणि पोराच्या मधे मला पडायचं नाही. तुझं तू बघ."

"उपकार झाले मिस्टर."

"उपकार कसले? नव्वद मिनिटांनी मला याच गावात राहायचंय. आणि तुलाही."

चारच्या सुमाराला सामना सुरू झाला. उत्तरेचा वारा सुटला होता. देओलिंदाला मान म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं, मिस्टरांच्या बाकाच्या अगदी पाठीमागे. पायांत तिच्या रोजच्या लाकडी खडावा, अंगावर काळी शाल. शेजारी सेलेस्ते, तोंडात भाजलेल्या बिया.

पहिल्याच मिनिटापासून रक्त. शहरवाल्यांच्या दांडग्या मधल्या खेळाडूने आमच्या पोराच्या कानशिलात कोपर घातलं, तो उठला तेव्हा कुठल्या गोलकडे धावायचं हे त्याला कळेना. आमच्या वाल्देमारने वचपा म्हणून त्यांच्या एकाच्या पोटरीवर बुटाचे खिळे ओढले, मोजा फाटून मांस दिसलं. गर्दीतून बाटली आली आणि रेषेवरच्या पंचाच्या खांद्यावर फुटली. देल्फिमने मात्र शब्द पाळला. जासिंतो आला की तो शर्ट धरायचा, छातीने अडवायचा, कंबरेला मिठी मारायचा. दोनदा जासिंतो त्याला चकवून गेला आणि दोनदा आमच्या गोलरक्षकाने अब्रू राखली. बाकांवरून पहिली शिवी विसाव्या मिनिटाला आली. "देल्फिम, भावाला दूध पाजतोयस का?" नंतर मोजदाद राहिली नाही.

उत्तरार्धात वाल्देमारचा तोल गेला. तो जासिंतोवर मागून धावला आणि पाय उगारला. देल्फिमने मधे घुसून स्वतःच्याच साथीदाराच्या छातीत मुठी हाणल्या, गचांडी धरली.

"त्याला मी बघतोय."

"तू बघतोयसच नुसता! डोळे भरून बघ! आपण खाली चाललोय रे भडव्या!"

"त्याला हात लावलास तर तुझंच सरपण करीन. इथेच, सगळ्यांसमोर."

वाल्देमार त्याच्या पायाशी थुंकला आणि गेला. बाकांवर शांतता पसरली. शिव्यांपेक्षा ती जड होती. देल्फिमने आईकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी शाल गच्च धरून बसली होती.

शहाऐंशीवं मिनिट. बरोबरी तशीच होती. आमचे सगळे पुढे गेलेले असताना चेंडू निसटला आणि शहरवाल्यांनी तो लांब उजवीकडे टाकला. जासिंतो निघाला. त्याच्या आणि गोलच्या मधे एक देल्फिम, एकतीस वर्षांचा, फुटलेल्या घोट्याचा. जासिंतोने चेंडू एका बाजूने काढला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने गेला. देल्फिमने हात टाकला आणि शर्ट त्याच्या मुठीत आला.

शर्ट फाटला नाही. दोघं तसेच धावू लागले, पुढे धाकटा, मागे ओढला जाणारा थोरला. जासिंतोचं कोपर मागे आलं आणि देल्फिमच्या ओठावर बसलं. पुन्हा आलं, भुवईवर बसलं, जुना टाका उसवला आणि डोळ्यात रक्त उतरलं.

"सोड! देल्फिम, सोड ना!"

बोटं कापडात पीळ घालून अडकली होती. रक्तातून त्याला जासिंतोची मान दिसत होती, लहानपणी खांद्यावर बसवताना धरायचा ती. देल्फिमने मनाशी म्हटलं, जा बाबा. कर गोल. जा फ्रान्सला. त्याने बोटं सैल करायला घेतली. आपण ती सोडत होतो, याबद्दल त्याला पुढे कधीही शंका आली नाही.

आणि मागून बाकाच्या दिशेने ती हाक आली, घोगरी आणि दमदार.

"काप! काप! काप!"

पाय निघाला.

चौदा वर्षं निघायचा तसाच निघाला, मागून, तिरका, पूर्ण वजनासकट. जासिंतोचा पाय तेव्हा जमिनीवर टेकलेला होता. आवाज झाला, ओल्या फळीवर टाच देऊन ती मोडावी तसा. देल्फिमने तो आवाज पूर्वी अनेकदा ऐकला होता आणि ऐकताच त्याला कळलं की नडगीची दोन्ही हाडं गेली. जासिंतो पडला. त्याचा पाय गुडघ्याखाली एका नव्याच ठिकाणी वाकला होता, आणि मोज्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही. त्याने त्या टोकाकडे बघितलं, मग देल्फिमकडे बघितलं, आणि नंतर ओरडायला सुरुवात केली.

बाकं उभी राहिली. "सरपण! सरपण! सरपण!"

पेनल्टीच्या चौकटीला तीन पावलं कमी होती. लाल कार्ड. फ्री किक आमच्या खेळाडूंच्या भिंतीला लागून वर उडाली. चार मिनिटांनी शिटी वाजली आणि बार्रा नोवा पहिल्या विभागात राहिलं.

देल्फिम बाहेर गेलाच नव्हता. तो रेषेपाशी उभा होता आणि स्ट्रेचरकडे बघत होता. गावकरी कुंपण तोडून आत शिरले आणि त्यांनी त्याला खांद्यावर घ्यायला हात घातले. "जिंकलंस रे! भावालाही सोडला नाहीस, वा रे मर्दा!" मासे डब्यांत भरायच्या कारखान्यातला एक मुकादम त्याच्या रक्ताळलेल्या गालाचा मुका घेत होता. देल्फिमने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. तिसरा हसत होता, त्याला केसांना धरून जमिनीवर लोळवला. लोकांना वाटलं, आनंदाने बेभान झालाय. ते आणखी जोरात ओरडले.

मग शहरवाल्यांचा गोलरक्षक धावत आला आणि त्याने देल्फिमच्या पाठीत दोन्ही पायांनी उडी घेतली. भुयारी वाटेच्या तोंडाशी पाचसहा जण त्याच्यावर तुटून पडले. देल्फिमने हात वर केला नाही. लाथा बरगड्यांवर बसत होत्या आणि तो पुढे सरकत होता, कारण त्याला एकाच माणसापर्यंत पोचायचं होतं. पोलिसांनी दांडके चालवून वाट मोकळी केली तेव्हा तो भिंत धरून उठला आणि थेट मिस्टरांच्या अंगावर गेला.

पहिलाच ठोसा नाकावर. मिस्टर साठीचे होते, ते भिंतीला घसटत खाली बसले. देल्फिमने त्यांना कॉलरला धरून पुन्हा उभं केलं.

"तुम्ही शब्द दिला होता! ओरडणार नाही म्हणाला होतात!"

"देल्फिम..."

"माझी बोटं सुटत होती! मी सोडत होतो त्याला! का ओरडलात?" दुसरा ठोसा. वाल्देमार आणि आणखी दोघांनी त्याला मागून कवेत आवळलं.

मिस्टरांनी बाहीने नाक पुसलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"मी नाही ओरडलो. माझ्या पोरांची शपथ. मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो, मला बघवत नव्हतं. आवाज माझ्या पाठीमागून आला." ते थांबले. "पहिल्या रांगेतून."

देल्फिमच्या मुठी उघडल्या. आवळून धरलेल्यांना ते कळलं आणि त्यांनी हात सैल केले. आता त्याला ती हाक पुन्हा ऐकू आली, नीट, आणि ती मिस्टरांची नव्हती. मिस्टर एकदाच ओरडायचे. ही तीनदा आली होती, वाढत गेलेली, धक्क्यावर आली होती तशी. थोरला धाकट्याला गुंडाळलेला, दोघं ओढले जाताहेत, हे त्या बाईने बघितलं होतं आणि तिला येत होता तो एकच शब्द तिने हाकारला होता. दोर काप. सोड त्याला. जीव वाचव. या खेपेला वारा तिच्या बाजूने होता.

औषधोपचाराची खोली त्याच भुयारी वाटेच्या टोकाला होती. दार बंद होतं, आतून जासिंतोचं ओरडणं येत होतं, डॉक्टर कुणाला तरी "धरा, घट्ट धरा" म्हणत होता. बाहेर भिंतीला टेकून देओलिंदा उभी होती. जवळ कुणी नव्हतं. देल्फिम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

तिचा आवाज गेला होता. नुसता श्वास निघत होता आणि त्यात शब्द.

"सेलेस्तेने माझ्या पाठीवर थाप मारली," ती म्हणाली. "मागच्या बाप्यांनीही. म्हणाले, शाबास म्हातारे, बरोबर वेळेला सांगितलंस. मी काय सांगितलं, देल्फिम?"

त्याने बंद दाराकडे बघितलं.

"इथे काप म्हणजे काय? तुमच्या खेळात?"

"काही नाही. चेंडू कापायचा."

"खोटं बोलू नकोस. ते सगळे हसत होते." तिने त्याच्या शर्टाला धरलं. "मी म्हणत होते सोड. मी सोड म्हणत होते रे. माझा आवाज आला का तुला? त्या वेळी, तुला माझा आवाज आला?"

देल्फिमने आईच्या तोंडाकडे बघितलं. वीस वर्षांपूर्वी हिचा आवाज पोचला नाही म्हणून नवरा गेला, आणि आज पोचला. हो म्हटलं तर ही बाई आजची रात्र काढणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. दवाखान्यातून परस्पर धक्क्यावर जाईल. चौदा वर्षांत त्याने विचार करून पाय टाकला नव्हता. आता मात्र त्याने विचार केला, आणि मग बोलला.

"तुझा आवाज? नाही. त्या गोंगाटात काय ऐकू येणार?"

"खरं सांग."

"खरंच सांगतो. मी काहीही ऐकलं नाही. मी ठरवूनच आलो होतो."

"काय ठरवून?"

"त्याचा पाय मोडायचा. गुरुवारीच ठरवलं होतं, पावावर हात ठेवला तेव्हा." शब्द येऊ लागले तसे सोपे होत गेले, आणि ते इतके सोपे का आहेत याची त्याला भीती वाटली. "घर त्याला. फ्रान्स त्याला. वर्तमानपत्रात नाव त्याचं. मी त्याला खांद्यावर वाहिला आणि माझ्या वाट्याला काय, तर शर्ट ओढ. हाताने धरलं ते दाखवायला. पाय टाकायचाच होता, मी फक्त चौकटीआधी टाकायचा म्हणून थांबलो."

देओलिंदाची पकड सुटली. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते देल्फिम मरेपर्यंत विसरणार नाही. आधी सुटका आली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलावा तसा तिचा श्वास बाहेर पडला, खांदे खाली आले. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की हा कोण आहे.

तिने वाकून पायातली खडाव काढली.

पहिला घाव उसवलेल्या भुवईवर बसला. दुसरा कानावर. लाकडी तळव्याची कड लागत होती आणि ती दोन्ही हातांनी, मासे कापायच्या जोराने मारत होती, तोंडातून आवाज न काढता. देल्फिमने हात खालीच ठेवले. डोकं जरा वाकवलं, म्हणजे तिला उंच पोचावं लागू नये. गालफड फुटलं, एक दाढ हलली, गुडघे वाकले तेव्हा तो गुडघ्यांवर उभा राहिला. वाटेच्या दुसऱ्या टोकाशी वाल्देमार आणि इतर जमले होते. सोडवायला निघालेल्या एकाला मिस्टरांनी, नाकाला फडकं लावलेल्या मिस्टरांनी, हाताने मागे ओढलं.

ती दमली तेव्हा थांबली. खोलीचं दार उघडलं, जासिंतोचं स्ट्रेचर बाहेर आलं. त्याला सुई दिलेली होती, डोळे अर्धे मिटलेले होते. देल्फिमने जमिनीवर पडलेली खडाव उचलून आईच्या पायापुढे ठेवली. तिने पाय आत घातला आणि स्ट्रेचरचा दांडा धरून चालू लागली. मागे बघितलं नाही.

देल्फिम त्यानंतर कधी खेळला नाही. सव्वीस वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडल्या. जासिंतोचा पाय तीन शस्त्रक्रियांनी जुळला, पण दोन बोटं आखूड. फ्रान्सवाल्यांनी पत्र पाठवून शुभेच्छा दिल्या. तो शहरात लोखंडी सामानाचं दुकान चालवतो, आणि भाऊ आहे का असं कुणी विचारलं तर नाही म्हणतो. गावाने देल्फिमला दोन वर्षं डोक्यावर घेतलं आणि मग, नवी पिढी आली तसा, भावाचा पाय मोडणारा म्हणून तोंड फिरवलं. वाल्देमारने एकदा दारूच्या गुत्त्यात विचारलं, खरं काय ते सांगून टाक ना, तेव्हा देल्फिमने त्याची बाटली त्याच्याच कपाळावर फोडली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

देओलिंदा आणखी सतरा वर्षं जगली. त्या सतरा वर्षांत ती थोरल्याशी एक शब्द बोलली नाही. बाजारात तो समोरून आला की टोपली दुसऱ्या बाजूला घ्यायची. देल्फिम सेलेस्तेकडून मासे घ्यायचा, गरज नसली तरी, कारण सेलेस्तेची भिंत देओलिंदाच्या भिंतीला लागून होती. मासे तोलून झाले की तो दर वेळी एकच प्रश्न विचारायचा.

"झोपते का?"

"झोपते की," सेलेस्ते म्हणायची. "तुला शिव्या घालते आणि लहान पोरीसारखी घोरते."